टर्बोचा वाद सीसीने सुटणार नाही

पुण्या-नाशिककडच्या रॅली आणि ऑटोक्रॉसवाल्या (छोट्या वळणावळणाच्या ट्रॅकवर घड्याळाशी शर्यत करणाऱ्या) मित्रांशी फोनवर बोलायला लागलं की गाडी हमखास एका वादावर येते: टर्बोवाल्यांना, म्हणजे हवा दाबून इंजिनात ढकलणाऱ्या गाड्यांना, कुठल्या क्लासमध्ये (स्पर्धेच्या गटात) घालायचं? आपल्याकडे क्लास पडतात ते मुख्यतः इंजिनाच्या सीसीवर. पेट्रोल टर्बो असेल तर एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या सूत्राप्रमाणे सीसीला 1.7 ने गुणतात. म्हणजे 999 सीसीची टर्बोवाली फोक्सवॅगन पोलो टीएसआय कागदावर 1,698 सीसीची होते आणि जुनी दीड लिटरची, टर्बो नसलेली होंडा सिटी व्हीटेक तिच्या खाली राहते. कंपनीने सांगितलेली ताकद मात्र जवळपास सारखी, पोलोची 110 हॉर्सपॉवर आणि सिटीची 106. सिटीवाला म्हणतो, पोलोला 175 न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) आहे, तोही खालच्या आरपीएमला, वळणातून निघताना मी मागे पडतो. पोलोवाला म्हणतो, आकडा फुगवून मला मोठ्या इंजिनांत ढकललंय. दोघांचंही म्हणणं खरं आहे, कारण मोजमापच चुकीच्या गोष्टीचं चाललंय.

इथे अमेरिकेत नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनच्या सुपर टूरिंग क्लासमध्ये सीसी बघतच नाहीत. ड्रायव्हरसकट गाडीचं वजन भागिले डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) चाकांशी मोजलेली ताकद, हा हिशोब. एसटी-3 ला दर हॉर्सपॉवरमागे 10 पौंड, एसटी-4 ला 12, आणि टायर वगैरेंसाठी त्यात थोडी वजाबाकी-बेरीज. ताकदसुद्धा नुसती सर्वांत वरच्या बिंदूची धरत नाहीत, आलेखावरच्या वेगवेगळ्या आरपीएमची सरासरी काढतात. टर्बोचा फुगीर टॉर्क त्यात आपोआप धरला जातो. मला हे सीसीपेक्षा कितीतरी न्याय्य वाटतं. आणि ‘ड्रायव्हरसकट’ हे विसरू नका. टनभराच्या गाडीत 55 किलोचा पोरगा आणि 95 किलोचा गृहस्थ यांच्यात 40 किलोंचा फरक पडतो; याहून कितीतरी कमी वजनासाठी लोक दारातली काच काढून पॉलिकार्बोनेट (हलकं पारदर्शक प्लॅस्टिक) लावतात.

पण इथलं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाच्या राष्ट्रीय स्पर्धेत वीसहून जास्त क्लास असतात. एवढा मोठा देश, एवढ्या गाड्या, त्यांना ते परवडतं. आपल्याकडे आधीच नोंदणी कमी, त्यात आणखी क्लास पाडले तर तीन गाड्यांत तीन करंडक वाटले जातील आणि शर्यत होणारच नाही. त्यापेक्षा इथल्या स्पेक मियाटाकडे, म्हणजे फक्त माझदा मियाटा या छोट्या स्पोर्ट्स कारच्या क्लासकडे बघा. जुनी 1.6 लिटरची मियाटा हलकी राहून पळते, नवी 1.8 वाली जास्त वजन वाहते आणि ताकद रोखायला तिच्या इंजिनाच्या हवेच्या वाटेत छिद्राची पट्टी बसवतात. वेगळी इंजिनं, पण क्लास एकच, आणि गर्दी भरपूर.

त्याच क्लासमध्ये 2014 साली कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका ट्रॅकवर मोठा गोंधळ झाला. राष्ट्रीय स्पर्धेनंतर पुढे आलेल्यांचे सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उघडले, आत नियमाबाहेरचं घासकाम दिसलं आणि कित्येक जण बाद झाले. पुढे तो नियमच सैल करावा लागला. हेड उतरवल्याशिवाय तपासता न येणारा नियम वर्षानुवर्षं कागदावर राहिला, की प्रामाणिक माणूस मागे पडत जातो. याची मला खरी चीड येते, कारण अशा माणसाला आपण का हरलो हेही कळत नाही.

म्हणून आपल्याकडच्या क्लबांना माझं कळकळीचं सांगणं आहे. हौशी गाड्यांचे दोन, फार तर तीन क्लास ठेवा, वजन-ताकदीच्या गुणोत्तरावर. टायर सगळ्यांना एकाच जातीचे. शर्यत संपली की पहिल्या तिघांना थेट काट्यावर घ्या, ड्रायव्हर हेल्मेटसकट आत बसलेला. डायनोचा दाखला हंगामाच्या सुरुवातीला घ्याच, आणि शंका आली तर मध्येही पुन्हा मागा. तक्रार करणाऱ्याने इंजिन उघडण्याचा खर्च आधी अनामत भरावा. गाडी नियमात निघाली तर ती रक्कम गाडीवाल्याला, इंजिन पुन्हा बांधण्यासाठी, आणि नाही निघाली तर सगळा खर्च गाडीवाल्याच्या अंगावर.