न्यायाधीश कमी आहेतच, पण रोजनामाही वाचा

नमस्कार. दिवाणी दावे का रखडतात आणि पक्षकाराने काय करावं, यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया बोचरी आहे, पण बिनबुडाची नाही. तुम्ही म्हणता, न्यायाधीशच पुरेसे नसताना पक्षकारांना उपदेश करणं ही मलमपट्टी. एका पक्षकाराला सुनावणी तीनदाच पुढे ढकलून मिळते, हा तीन तारखांचा नियम कागदावरच राहतो. आणि मोफत मिळालेला वकील लक्षच देत नाही. शिवाय निफाड कोर्टात तुमचा वाटपाचा दावा अकरा वर्षं पडून आहे.

आधी तुमचं बरोबर ते. दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असं विधी आयोगाने १९८७ मध्ये सुचवलं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते पाच वर्षांत करायला सांगितलं, आणि आज आकडा विशीच्या आसपास रेंगाळतोय. तीन तारखांबाबत मीच अर्धवट लिहिलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १७ मध्ये तसं आहे खरं, पण सालेम बार असोसिएशनच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या निकालानुसार पक्षकाराच्या आवाक्याबाहेरचं कारण असेल तर चौथी तारीखही देता येते. हा 'आवाका' किती आखूड होतो ते तुम्ही पाहिलंच असेल.

पण वाटपाच्या दाव्यात न्यायाधीश खुर्चीत असतानाही वर्षं जातात. समजा चौदा प्रतिवादी आहेत. काही दिंडोरीत, काही मुंबईला, दोन बहिणी लग्न होऊन सिन्नरला. दाव्यात सगळ्यांचा पत्ता 'मु. पो.' आणि मूळ गाव. समन्स पोहोचवणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याचा, म्हणजे बेलिफाचा अहवाल येतो, 'सदर इसम गावी राहत नाही, मुंबईस असल्याचे समजते.' यानंतर सात दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज करायचा असतो. तो होत नाही, प्रोसेस फी (समन्स बजावण्याचं शुल्क) भरली जात नाही, आणि तारीख पडते. खरं तर बेलिफाबरोबरच स्पीड पोस्ट, कुरिअर, ईमेल हे मार्ग २००२ पासून खुले आहेत. कोर्टाची परवानगी घेऊन हमदस्त समन्स, म्हणजे आपल्या हाती दिलेलं समन्स, स्वतःही बजावता येतं. अट एकच, पत्ता आजचा हवा.

त्याहून घातक म्हणजे मयत प्रतिवादी. वारस रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून ९० दिवस असतात. ते चुकले की त्या प्रतिवादीपुरता दावा आपोआप संपतो, आणि वाटपात प्रत्येक हिस्सेदार आवश्यक पक्षकार असल्याने अख्खा दावाच लटकतो. पुढच्या ६० दिवसांत दावा असा संपणं अर्ज करून रद्द करून घेता येतं. तेही गेले तर विलंब माफीचा, दावा संपणं रद्द करण्याचा आणि वारस लावण्याचा असे तीन अर्ज. प्रत्येकावर नोटीस, प्रत्येकावर समोरच्याचं 'म्हणणे', म्हणजे लेखी उत्तर. वर्ष सहज जातं. पक्षकार वारल्याचं कोर्टाला कळवणं त्याच्या वकिलावर बंधनकारक आहे, पण दशक्रियेला गेलेल्या भाऊबंदांना ते आधी कळलेलं असतं. मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं-पत्ते त्याच आठवड्यात वकिलाकडे द्या.

निकालानंतरही सातबारा आपोआप वेगळा होत नाही. शेतजमिनीचा हुकूमनामा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तिथून तहसीलदार, मग भूमी अभिलेखची मोजणी. या टप्प्यावर पाठपुरावा सोडला की फाईल तिथेच राहते.

मोफत वकिलाबद्दलची तक्रार काही वेळा खरीच असते. मात्र वकील बदलून मागता येतो. विधी सेवा प्राधिकरणाकडे कारण लिहून अर्ज करायचा, १५१०० या हेल्पलाइनवरही विचारता येतं. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना उत्पन्नाची अट नाही, आणि या मदतीत कोर्ट फी व प्रोसेस फीही येते. हे बहुतेकांना कोणी सांगतच नाही.

आता तुमचा दावा. रोजनामा म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याची नोंद; नक्कल विभागातून त्याची प्रमाणित प्रत काढा आणि प्रत्येक तारखेपुढे कारण लिहा: समन्स, वारस, म्हणणे, वकील गैरहजर, साक्षीदार गैरहजर, न्यायाधीश रजेवर किंवा पद रिक्त. न्यायाधीश नसल्याच्या या शेवटच्या कारणाखाली निम्म्याहून जास्त तारखा निघाल्या, तर ते इथे कळवा. मी मूळ लेखात तसं नमूद करीन.