अंजूच्या नावाने गोळी

आईच्या मोबाइलवर महिनाभर एक मेसेज फिरतोय. ‘कोकणकन्या अंजू बॉबी जॉर्ज! एकच किडनी, म्हणून अंग हलकं. दुखण्यावर गोळी घेऊन लांब उडी मारली आणि ऑलिंपिक पदक आणलं. सरकारने दखलही घेतली नाही. तिचं सोनं चोरलं. मुलींनो, दुखण्याला घाबरू नका.’ वर तिरंगा, खाली जोडलेले हात. भजनी मंडळाच्या ग्रुपवरून आला, म्हणजे आईच्या लेखी खराच.

मी सोडून दिलं असतं. पण भाची मे महिन्यात मालवणला आजोळी आलीय. शाळेच्या स्पर्धेसाठी रोज उड्या मारते, आणि चौथ्या दिवशी तिचं ढोपर सुजलं. आईने स्वतःच्या सांधेदुखीची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. “घी गो बाय. त्या अंजून एका किडनीर उडी मारल्यान, तुजा तर नुसता ढोपर दुकता.”

आधी किरकोळ थापा. कोकणकन्या ही मुंबईला जाणारी गाडी. अंजू केरळातल्या चंगनाशेरीची. ऑलिंपिक पदक तिला मिळालेलं नाही. 2004 साली अथेन्सला ती 6.83 मीटर उडाली, तिची ती सर्वांत लांब उडी. पण कांस्यपदक 7.05 ला गेलं. ती सहावी आली आणि पुढे अमेरिकेच्या मॅरियन जोन्सचा निकाल उत्तेजकांपायी रद्द झाल्यावर पाचवी. तिचं खरं मोठं पदक आदल्या वर्षीचं, पॅरिसच्या जागतिक स्पर्धेतलं कांस्य, 6.70 मीटर. त्या स्पर्धेत भारताला दुसरं पदक मिळायला 2022 साल आणि नीरज चोप्रा यावा लागला. एवढं खरं असताना खोटं पदक कशाला चिकटवायचं? आणि दखल म्हणाल तर अर्जुन, खेलरत्न, पद्मश्री, सगळं दोन-तीन वर्षांच्या आत.

किडनी एकच, हे मात्र खरं. नाइलाजाने मान्य करतो. पण ‘म्हणून अंग हलकं’? अहो, एका किडनीचं वजन साधारण दीडशे ग्रॅम. आमच्याकडे एक बऱ्यापैकी हापूस याहून जड भरतो. शिवाय जन्मतः एकच किडनी असली की ती दोघींचं काम करता करता आकारानेही वाढते, म्हणजे ते दीडशे ग्रॅमही नीटसे वाचत नाहीत. या हिशेबाने उडी लांबायची, तर भाचीने केस कापले तरी पदक यायला हवं.

आता गोळी. किडनीची गोष्ट जगाला कळली ती डिसेंबर 2020 मध्ये अंजूनेच ट्विटरवर लिहिली म्हणून. त्याच ट्विटमध्ये, त्याच वाक्यात तिने पुढे लिहिलंय की तिला वेदनाशामक गोळीचीही ॲलर्जी होती आणि उडी घेण्याचा पाय निकामी झाला होता. तरीही जमलं, ते प्रशिक्षकामुळे, असा तिचा सूर. प्रशिक्षक म्हणजे तिचा नवरा, बॉबी जॉर्ज. मेसेज बनवणाऱ्याने त्यातली किडनी उचलली, प्रशिक्षक गाळला आणि गोळी चक्क उलटी केली. जिला गोळी चालतच नव्हती, तिच्या नावाने माझ्या भाचीला गोळी!

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. धडधाकट माणसाला एखादी गोळी बहुधा पचते. पण मे महिन्यात, घामाने निथळलेल्या, पाणी न प्यायलेल्या पोरीला रोज? आणि एकच किडनी असलेल्या कुणी हा मेसेज वाचून घेतली तर? दुसरं म्हणजे ढोपर दुखतं ते थांब सांगायला. दुखणं दाबून ती पुन्हा धावत येणार, त्याच पायावर सगळा भार टाकून उडी घेणार, आणि खाली तो वाळूचा खड्डा! वाळू नावाला, दोन इंचांवर जांभा लागतो.

मेसेजमध्ये ‘तिचं सोनं चोरलं’ असंही आहे. यात अर्धं तथ्य आहे. 2005 च्या मोनॅकोच्या जागतिक ॲथलेटिक्स फायनल या स्पर्धेत ती दुसरी आली, रशियाची तात्याना कोतोवा पहिली. पुढे कोतोवा उत्तेजकांत सापडली आणि सुवर्ण अंजूला मिळालं, पण कित्येक वर्षांनी. चोरलं होतं, पण परतही आलं.

डॉक्टरांनी भाचीला दोन आठवडे उड्या बंद सांगितल्यात. ती पुळणीवर नुसती चालून येते. आईने गोळ्या कपाटात ठेवल्या. मेसेज मात्र पुसलेला नाही. त्यातला अंजूचा फोटो बरो इलोहा म्हणते.