मत्सराला शेजारी लागतो

ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू झाला की पुण्यातल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये व्यसन, वासना आणि पैशाचा हव्यास यांवर उपदेश होतात. कोणी मटण सोडतो, कोणी चहा, आणि ते योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती परंपरेने मानलेल्या सात मुख्य दुर्गुणांपैकी मत्सरावर स्वतंत्र उपदेश माझ्या ऐकण्यात क्वचितच आला आहे. माझ्या मते मात्र एकमेकांना पिढ्यानपिढ्या ओळखणाऱ्या आपल्या समाजाला सर्वांत जास्त पोखरतो तो हाच.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या तपस्व्याने आठ दुष्ट विचारांची यादी केली. तीत खादाडपणा, क्रोध आणि गर्व आहेत, साधकाला भर दुपारी खोलीत टिकू न देणारा कंटाळाही आहे, मत्सर नाही. पुढे थोरले ग्रेगरी, जे ५९० मध्ये पोप झाले, त्यांनी ईयोबाच्या पुस्तकावरील भाष्यात ही मांडणी बदलली, गर्वाला सर्वांचे मूळ ठरवले आणि मत्सराला सातांत जागा दिली. मठात जाण्यापूर्वी ग्रेगरी यांनी रोम शहराचा कारभार पाहिला होता. एकांतवासी तपस्व्याला जे फारसे टोचले नाही ते शहर चालवलेल्या माणसाच्या नजरेत भरले, असा माझा तर्क आहे.

तेराव्या शतकात ईश्वरविद्येचे पंडित थॉमस अक्वायनस यांनी दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख अशी मत्सराची व्याख्या स्वीकारली, आणि हे दुःख आपल्या बरोबरीच्या माणसाबद्दलच होते, असेही नोंदवले. कोरेगाव पार्कातल्या बंगल्याने आपली झोप उडत नाही. आपल्याबरोबर नगरहून येऊन त्याच वाड्यात दिवस काढलेल्या कुटुंबाने खराडीला फ्लॅट घेतला की उडते. उपासनेनंतर आवारात, चहाचा कप हातात असताना, "प्रभूची कृपा!" म्हणून हात मिळवणारे गृहस्थ दोन पावले बाजूला होऊन "कर्ज किती काढलंय, ते विचारा" म्हणतात, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हलकेसे समाधान पसरते. द्वेष, कुजबुज, निंदा, दुसऱ्याच्या संकटात हर्ष आणि भरभराटीत खंत ही ग्रेगरी यांनी सांगितलेली मत्सराची पाच अपत्ये. त्यांतली निदान तीन त्या एका चहात हजर असतात.

याजकांनी येशूला हेव्यामुळे धरून दिले हे रोमी सुभेदार पिलाताला ठाऊक होते, असे मत्तय आणि मार्क दोघेही लिहितात. दर उत्तम शुक्रवारी आपण येशूला धरून देण्यासाठी यहूदाने घेतलेल्या ३० नाण्यांवर तासभर बोलतो आणि ही ओळ वाचून पुढे जातो.

सदाशिव पेठेतले माझे मित्र म्हणतात की मत्सर तर षड्रिपूंतही आहे. आहेच, त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. मात्र उपाय सांगताना आपली शिकवण संयमावर थांबत नाही, ती प्रीतीपर्यंत जाते. "प्रीती हेवा करीत नाही" हे करिंथकरांस पत्रातले वचन लग्नपत्रिकांवर छापून आपण गुळगुळीत केले आहे. शहाणपण, न्याय, धैर्य आणि संयम सरावाने अंगी बाणतात, तर विश्वास, आशा आणि प्रीती ही देवाची देणगी, असे परंपरा मानते. त्यातून काही जण सोयीची पळवाट काढतात, की देणगी मिळेल तेव्हा मिळेल. मला ती मान्य नाही, कारण आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा, अशी पौलाची रोमकरांस सरळ आज्ञा आहे. यांतली पहिली अधिक कठीण, असे प्रसिद्ध उपदेशक योहान ख्रिसोस्तोम यांनी चौथ्या शतकातच सांगून ठेवले आहे.

आपल्याकडे मयतीला सारी मंडळी कामधाम सोडून धावते, हे मी अभिमानाने सांगतो. आजाऱ्यांची नावेही प्रार्थनेत दर रविवारी घेतली जातात. परंतु कोणाला घर, नोकरी किंवा व्हिसा मिळाला की उपकारस्तुतीचे, म्हणजे देवाचे आभार मानून मंडळीला द्यायच्या दानाचे, पाकीट त्या कुटुंबालाच द्यावे लागते. पाळकसाहेबांना माझी विनंती आहे की या उपवासकाळात ते पाकीट शेजारच्या घरातून यावे, अशी प्रथा पाडून पाहावी.