आमच्या वाड्याच्या पाच पायऱ्या

आज सकाळी अर्धा तास पाऊस झाला आणि नाशिकच्या दहीपुलाजवळच्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं. आईने उंबरठ्याला गोणपाटाची गुंडाळी लावून ठेवली होती. तिच्या खालून आलं. काळं, तेलकट, गटाराचा वास मारणारं. देवघराच्या दारापर्यंत. तासभर मी तसराळ्याने उपसत होते. हात धुऊन मोबाइल उघडला तर बातमी दिसली, गावठाणातले रस्ते काँक्रीटचे करायचे आणि पावसाळी गटारी नव्याने टाकायच्या, यावर महापालिकेत विचार चाललाय.

करायलाच हवं. पण आधी आमच्या दारात या आणि पायऱ्या मोजा.

मी लहान होते तेव्हा वाड्याला पाच पायऱ्या होत्या. काळ्या पाषाणाच्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. सगळ्यात खालच्या पायरीवर कासव कोरलेलं होतं. पाडव्याला आई त्याच्या पाठीवर हळदकुंकू वाहायची. अण्णा दुसऱ्या पायरीवर बसून वहाणा चढवायचे. आज एकच पायरी उरलीय. बाकीच्या चार तिथेच आहेत, रस्त्याखाली. दर काही वर्षांनी कुणी ठेकेदार यायचा, जुना थर न खरवडता त्यावर नवा ओतायचा, रोलर फिरवून निघून जायचा. कासव नक्की कुठल्या पावसाळ्याआधी गाडलं गेलं, ते आम्हाला कुणालाच आठवत नाही. याचंच जास्त वाईट वाटतं.

आपण नाशिककर पाण्याला घाबरणारे नाही. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला की पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलं की छातीला, एवढं विचारलं की झालं. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला पाणी टेकलं की पूर मोठा, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. ६९चा पूर घरातल्या मोठ्यांनी सांगितला. २००८चा आणि २ ऑगस्ट २०१६चा मी डोळ्यांनी पाहिला. सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी होतं, तेव्हा आम्ही कुणाला दोष दिला नाही. नदी आली, नदी गेली. गाळ काढला, दुकानं उघडली.

आजचं पाणी नदीचं नव्हतं. गंगा खाली शांत वाहत होती. आमच्या घरात आलं ते रस्त्यावर पडलेलं पाणी होतं, त्याला जायला जागाच नव्हती. गावाचा सगळा उतार नदीकडे, वरच्या गल्ल्यांतलं पाणी धावत खाली येतं आणि आमच्याकडे थांबतं. कोपऱ्यावरच्या जाळीवर हार, प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे. मी स्वतः हाताने ओढून काढले, तेव्हा कुठे भोवरा फिरायला लागला. आणि खाली आहे सरस्वती नाला. दहीपूल हा मुळात पूलच, नाला त्याच्याखालून गंगेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबलं जातं आणि तेच पाणी उलटं वर येतं. हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. मग नुसते मोठे पाइप टाकून काय होणार? नाला गाळातून मोकळा करा, पावसाचं पाणी आणि मैलापाणी वेगळं करा, म्हणजे घरात आलं तरी निदान घाण तरी येणार नाही. आणि सगळ्यात आधी जुने थर उकरून रस्ता खाली घ्या. मग काय ते काँक्रीट करा.

व्यापारी म्हणतात पुन्हा खोदकाम नको, मागच्या वेळी महिनोन्महिने गिऱ्हाईक फिरकलं नाही. खरं आहे त्यांचं. डांबर आपल्या पावसात टिकत नाही, हेही मान्य. पण अर्धवट काम करून दोन वर्षांनी परत खोदण्यापेक्षा एकदाच नीट खोदा ना!

सिंहस्थाच्या आत उरकायचं म्हणून घाई चाललीय, मला त्याचीच धास्ती वाटते. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ला आहे. तारीख परत वाचा. २०१६ला याच तारखेला आपण गुडघाभर पाण्यात उभे होतो. ऐन पावसाळ्यात लाखो माणसं अनवाणी या गल्ल्यांतून रामकुंडाकडे जाणार. त्यांच्या पायाखाली काय असेल याचा विचार कोण करतंय? आणि आपल्या रहाडी, रंगपंचमीला रंग खेळायचे ते जमिनीतले दगडी हौद? दहीपुलाची, तिवंध्याची, जुन्या तांबट गल्लीची? त्यांची तोंडं सोडून काँक्रीट ओतणार की वरूनच? रंगपंचमीला ब्रेकर लावून रहाड उघडायची का?

आई म्हणते, "जाऊ दे गं, एकच पायरी राहिली ते बरंच झालं, गुडघ्यांना सोपं पडतं." अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे ती. तिचं म्हणणं मी खोडू शकत नाही. पण सकाळी पाणी आत आलं तेव्हा तीच आधी धावली, तांदळाचा डबा उचलायला, आणि ओल्या फरशीवर तिचा पाय सरकला. पडली नाही. दाराची कडी हाताला लागली म्हणून. ते मघापासून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीये.

दुपारी दोन मुलं मोजमाप घ्यायला आली होती. वाड्याच्या भिंतीवर लाल रंगाने आडवी रेघ मारून गेली. आईने विचारलं, "बाळा, हे काय रे?" तो म्हणाला, "आजी, नवा रस्ता बहुतेक इथपर्यंत येईल." पोरगा साधा होता, त्याच्यावर राग नाही. पण ती रेघ आमच्या उंबरठ्याच्या चार बोटं वर आहे.

दहीपूल, भांडी बाजार, सराफ बाजार, बोहोरपट्टी, जिथे जिथे पायऱ्या गेल्या असतील त्यांनी आपल्या दाराचा फोटो मला पाठवा. पूर्वी किती होत्या, आज किती उरल्या, एवढंच लिहा. हा विषय मंजूर व्हायच्या आत सगळे फोटो जोडून निवेदन द्यायचंय. आमचा फोटो मी आत्ताच काढलाय, त्यात रेघ आणि उंबरठा दोन्ही दिसतायत. आई ओल्या फडक्याने ती रेघ पुसत होती. ऑइल पेंट आहे, निघाली नाही.