चावी, मेण आणि सात फुटांची पिशवी

सर्फिंगला मुळात लागतं काय? एक चड्डी, एक फळी आणि समुद्र. त्यातून समुद्र उष्ण कटिबंधातला असेल तर पाणी २७-२८ अंशांचं, म्हणजे तो रबरी वेटसूटही घरीच राहिला. सामान असं नाहीच म्हणायचं. तरीही सर्फिंगच्या सहलीला निघायच्या आदल्या रात्री घराच्या मधोमध सात फुटांची एक पिशवी आडवी पडलेली असते. दोन-तीन बोर्ड मावणाऱ्या या पिशवीला सर्फर मंडळी ‘कॉफिन’ म्हणतात. आत सगळे निपचित, भोवती घरातली माणसं गंभीर चेहऱ्याने उभी. नाव चपखल आहे.

बहुतेक लोक भरायला सुरुवात करतात ती बोर्डापासून, आणि घोडं तिथेच पेंड खातं. बोर्ड कुणी विसरत नाही हो. सहा फुटांची वस्तू दारात आडवी आली की आठवतेच. सहल बुडवतात त्या वजनकाट्याला पत्ताही लागू न देणाऱ्या चिल्लर वस्तू. म्हणून माझा आग्रह असा की आधी चिल्लर, मग बोर्ड.

पहिला मान फिनच्या चावीचा. फिन म्हणजे बोर्डाच्या बुडाचे कल्ले. विमानात ते काढूनच न्यायचे. लावून नेले तर धक्क्यासरशी कल्ल्यासकट त्याची खाचही उखडते. १९३५ साली अमेरिकन सर्फर टॉम ब्लेक यांनी फळीला कल्ला बसवला तोवर ही कटकट नव्हती. १९८० च्या सुमारास ऑस्ट्रेलियन सर्फर सायमन अँडरसन यांनी तीन कल्ल्यांचा ‘थ्रस्टर’ आणला, बोर्ड झकास वळू लागले. पुढे कल्ले सुटे झाले आणि आपल्या नशिबी स्क्रू आले. कल्ले बसवायची दोन मुख्य घराणी, एफसीएस आणि फ्यूचर्स. जुन्या एफसीएस पद्धतीत दर कल्ल्याला दोन, म्हणजे एका बोर्डाला सहा. फ्यूचर्समध्ये दर कल्ल्याला एक. एफसीएसच्या नव्या पद्धतीत, म्हणजे एफसीएस टूमध्ये, कल्ला दाबला की बसतो, स्क्रू ऐच्छिक. निघण्याआधी आपला बोर्ड कोणत्या घराण्याचा ते पाहून घ्यावं, कारण एफसीएसचा कल्ला फ्यूचर्सच्या खाचेत जन्मात जाणार नाही.

हे स्क्रू फिरवायची षटकोनी चावी असते ३/३२ इंचाची, म्हणजे २.३८ मिलिमीटर. घरातल्या ॲलन कीच्या जुडग्यात २ ची असते आणि २.५ ची असते. २.५ ची आत जात नाही. २ ची आत जाते, गरागरा फिरते आणि स्क्रूच्या डोक्याचे सहा कोपरे घासून गोल करते; मग तो स्क्रू कुणाच्याच बापाला जुमानत नाही. म्हणून चाव्या तीन: एक बोर्डाच्या पिशवीत, एक हातातल्या बॅगेत, एक सोबत्याकडे. सोबती ‘माझ्याकडे आहे’ म्हणाला तर ती मोजायची नाही. सुटे स्क्रू सहा-आठ घ्यावेत, त्यांना जरासं व्हॅसलीन चोपडावं म्हणजे गंजत नाहीत. डोक्यातली वाळू टाचणीने काढल्याशिवाय चावी घालू नये. आणि आवळताना पहिलवानी नको, प्लॅस्टिकची खाच तडकते.

दुसरी चिल्लर म्हणजे लीशची सुतळी. लीश म्हणजे बोर्डाला पायाशी बांधणारी दोरी. बोर्ड जितका लांब तितकीच लीश, सहा फुटीला सहा फुटी. एक जास्तीची सगळेच घेतात. पण लीश बोर्डाला जोडली जाते ती वीतभर नायलॉनच्या सुतळीने, आणि ती नसेल तर दोन लीश गळ्यात घालून किनाऱ्यावर बसता येतं. सुतळी आखूडही हवी. तिचा फास बोर्डाच्या कडेवर आला, तर जोराच्या ओढीला सुतळी त्या कडेला सुरीसारखी कापत जाते.

आता मेण, म्हणजे वॅक्स. पाय घसरू नये म्हणून बोर्डाच्या पाठीवर हे लावतात, आणि ते पाण्याच्या तापमानाप्रमाणे निवडायचं असतं. थंड पाण्याची वडी मऊ असते. ती २८ अंशांच्या पाण्यात नेली तर तिची खीर होते. पाय घसरतो आणि ते मेण छातीच्या केसांत जाऊन स्थायिक होतं. वेष्टनावर ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलं पाहूनच घ्यावं, ते साधारण २४ अंशांच्या वरच्या पाण्यासाठी असतं. ते इतकं कडक की नवखा माणूस वडी खराब निघाली म्हणून टाकून देतो. दोन बोर्ड आणि दोन आठवडे असतील तर पायाच्या थराची एक वडी आणि वरच्या थराच्या चार पुरतात. पायाचा थर सावलीत, थंड बोर्डावर, तिरक्या रेघा आणि मग बारीक गोल घासत लावायचा. दाणे उठले की झालं. वर ट्रॉपिकलचा हलका हात. एक खरवडायची फणीही हवीच.

पण निघताना बोर्डावर जुनं मेण ठेवायचं नाही. विमानतळावरच्या उन्हात पिशवी तापते, वरच्या बोर्डाचं मेण खालच्याच्या बुडाला चिकटतं, आणि मधे ठेवलेले टीशर्ट दोन्हीकडून मेणावतात. बोर्ड चार मिनिटं उन्हात ठेवावा, फणीच्या सरळ कडेने खरवडावा, फडक्याने पुसावा. नव्या वड्या साबणाच्या डबीत. पिशवीत सुट्या टाकल्या तर त्या उन्हात वितळतात, थंडाव्यात घट्ट होतात आणि पिशवीच्या शिवणीचा भाग होऊन बसतात.

एवढं झालं की आता खुशाल बोर्ड. लांब अंतराला १० मिलिमीटर फोमची पिशवी हवी. ५ ची पिशवी गाडीतून किनाऱ्यापर्यंत ठीक. तिची लांबी सर्वांत लांब बोर्डापेक्षा चार-सहा इंच जास्त असावी, कारण टोकांना गुंडाळी करायची आहे. पिशवी उभी आपटली की नाकाचा आणि शेपटीचाच बळी जातो, तेव्हा तिथे बुडबुड्यांचं प्लॅस्टिक तीन-चार वेढे. कडांना पाइपवर घालायच्या फोमच्या नळ्या लांबीने चिरून बसवाव्यात. बोर्ड सपाट नसतो, नाकाकडे तो वर वळलेला असतो. त्या कमानीखाली पोकळी राहते, आणि वर कुणी जड पेटी टाकली की बोर्ड तिथेच कडाडतो. ती पोकळी टॉवेल कोंबून भरावी. दोन बोर्डांच्या मधे कपडे. कल्ले मात्र त्यांच्या डबीत, कडेला. मधे ठेवलेला कल्ला आतल्या आत बोर्डाला भोक पाडतो आणि दोष विमान कंपनीला जातो. पट्टे इतके आवळावेत की पिशवी हलवली तर काहीच आवाज येऊ नये.

मग काउंटर. बऱ्याच विमान कंपन्या एका नगाला ३२ किलोच्या वर हातच लावत नाहीत, आणि लांबीची मर्यादा सेंटिमीटरमध्ये, पिशवीच्या बाहेरून मोजतात. ६ फूट २ इंच म्हणजे १८८, नऊ फुटी लाँगबोर्ड म्हणजे २७४. शुल्क दर पिशवीला की दर बोर्डाला, हे तिकीट काढण्याआधी वाचून नियमाचा कागद छापून जवळ ठेवावा. काउंटरवरच्या माणसाला नियम आपल्यापेक्षा कमी ठाऊक असणं आपल्या फायद्याचं क्वचितच ठरतं.

बोर्डाला पडलेले खड्डे बुजवायचं रसायन, म्हणजे रेझिन, सामानात घालू नका, ते ज्वालाग्राही. तपासणीत निघून जातं. पोहोचल्यावर घ्यावं आणि घरून फक्त ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिशपेपर न्यावा. तिथे घेताना बोर्ड पाहा: आतला गाभा ईपीएसचा, म्हणजे थर्माकोलच्या जातीचा असेल तर पॉलिएस्टर रेझिन त्याला खाऊन टाकतं. बुजवायला गेलो खड्डा आणि झाली विहीर! ईपीएसला एपॉक्सीच. उन्हात वाळणारं रेझिन सावलीत लावून मगच उन्हात न्यायचं, नाहीतर ते खड्ड्यात जायच्या आत नळीच्या तोंडाशी दगड होतं. आणि फोम ओला असताना बुजवायचा नाही. हे सगळ्यांना माहीत असतं आणि लाटा चांगल्या असल्या की कुणीच ऐकत नाही.

अंगासाठी: लांब बाह्यांचे रॅशगार्ड, म्हणजे पाण्यात घालायचे अंगाला घट्ट बसणारे सदरे, दोन, कारण एक सतत ओला. झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन, दर दोन तासांनी. पोटावर पडून वल्हवत असल्यामुळे भाजतात ते गुडघ्यांचे मागचे खळगे आणि पोटऱ्या, जिथे हात कधी जात नाही. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाईत २०२१ पासून बंदी आहे, तेव्हा बाटलीची मागची बाजू वाचावी. डासांसाठी डीट असलेलं मलम घ्याल तर ते गॉगलपासून लांब ठेवा, ते काही प्लॅस्टिक विरघळवतं.

प्रवाळावर खरचटतंच. चिमटा, पोव्हिडोन आयोडिन, पट्ट्या, ओआरएस. जखम साबण-पाण्याने घासून आतले कण काढायचे; नुसतं औषध वर ओतलं तर ती आठवडाभर पिकत बसते.

गाडीच्या टपासाठी दोन पट्टे. बांधताना पट्ट्याला एक पीळ द्यावा, नाहीतर वाऱ्यात तो वाटभर भुणभुणतो.

कपडे? चार. तेही बोर्डांच्या मधे.

हे सगळं बसवून जाताना काटा ३१.५ दाखवतो. येताना मेण संपलेलं, सनस्क्रीन संपलेलं, एक लीश तुटलेली, एक बोर्ड दोन तुकडे होऊन तिथेच राहिलेला. तरी काटा ३३. पिशवीच्या प्रत्येक घडीत वाळू, टॉवेल ओले, फोमने प्यायलेलं पाणी तसंच आत. काउंटरसमोर पिशवी उघडून बसायचं आणि ओल्या चड्ड्या एकेक करून हातातल्या बॅगेत कोंबायच्या. तेव्हा त्याच बॅगेच्या कप्प्यात बोटांना लागते ती तिसरी चावी.