सबटायटल हवं की डबिंग, कालचा कट्ट्यावरचा वाद

विषय पक्याने काढला. शोगुन ही जुन्या जपानमधली सिरीज बघताना डोळे सारखे खाली, निम्म्याहून जास्त संवाद जपानी, वाचत बसायचं तर अ‍ॅक्टिंग कधी बघायची, त्यापेक्षा सरळ डबिंग लावा. आणि वर म्हणे १९८० साली हीच गोष्ट टीव्हीवर आली होती तेव्हा जपानी बोलण्याला सबटायटल दिलंच नव्हतं, तरी लोकांनी बघितलीच की.

मी म्हटलं अरे तेव्हा ते मुद्दाम दिलं नव्हतं. ती सगळी गोष्ट जपानात येऊन पडलेल्या त्या इंग्रज खलाशाच्या, ब्लॅकथॉर्नच्या नजरेतून होती, त्याला काही कळत नाही म्हणून आपल्यालाही कळू द्यायचं नाही, समोरचे सामुराई याला मारायचं ठरवतायत की जेवायला घालायचं, ही धाकधूक त्याच्याइतकीच आपल्याला. २०२४ च्या सिरीजमधे जपान्यांची बाजू पण तेवढीच महत्त्वाची आहे, मग ते आपापसात काय बोलतात ते कळायलाच हवं. त्यासाठी मेहनत पण कसली घेतलीय, स्क्रिप्ट आधी इंग्रजीत, मग त्याचं जपानी, मग एका जपानी नाटककार बाईंनी ते जुन्या काळच्या बोलीत बसवलं, आणि त्यावरून परत इंग्रजी सबटायटल.

मेघाताई म्हणाली, "पण खरी मजा मारिकोची आहे रे." बरोबर बोलली. मारिको दुभाषी. ब्लॅकथॉर्न काहीतरी उर्मट बोलून जातो, ती तिथल्या सरदाराला, तोरानागाला ते सांगताना धार काढून टाकते, कधी एखादी गोष्ट गाळूनच टाकते, आणि आपण दोन्हीकडचं ऐकत असतो त्यामुळे मधे काय गळलं ते फक्त तिला आणि आपल्याला ठाऊक. शिवाय तिथे आपल्याला ऐकू येणारं इंग्रजी गोष्टीत पोर्तुगीज आहे. (ही गोष्ट १६०० ची, आणि त्याच्या पन्नासेक वर्षं आधी, १५४९ मधे, सेंट झेवियर निघाला होता आपल्या गोव्याहूनच, म्हणजे जपानात पोर्तुगीज कुठून आलं हे आपल्याला तरी वेगळं सांगायला नको.)

अण्णांना हे पटेना. "सबटायटल दिलं की सगळं उघडच झालं, लपलं काय त्यात?"

अण्णा, गेम ऑफ थ्रोन्सचा तिसरा सीझन आठवा. तो गुलामांचा व्यापारी त्याच्याकडे सौदा करायला आलेल्या राणी डेनेरिसला तिच्या तोंडावर वॅलिरियन या त्या सिरीजमधल्या भाषेत घाणेरड्या शिव्या देतो, त्याची दुभाषी मिसांदे ते गोड करून सांगते, आपण खाली शिव्या वाचतो आणि आपल्याला वाटतं बिचारीला काहीच कळत नाहीये. मग सौदा झाल्यावर डेनेरिसच त्याच भाषेत बोलायला लागते, म्हणजे पहिल्या दिवसापासूनची एकेक शिवी तिने ऐकून ठेवलेली! सबटायटल पूर्ण होतं तरी मुख्य गोष्ट लपलीच ना? आपण कोण काय बोलतंय ते वाचत बसलो आणि कोणाला काय समजतंय तिकडे लक्षच दिलं नाही.

चुकीचं सबटायटल मात्र गोष्टीचं नुकसान करतं, आणि याचा मला मनापासून राग आहे. स्क्विड गेम या कोरियन सिरीजमधला अली. पाकिस्तानातून आलेला कामगार, सोबतच्या खेळाडूला, सांगवूला कायम साहेब साहेब करतो. मग सांगवू त्याला म्हणतो मला ह्यंग म्हण, म्हणजे दादा म्हण. इंग्रजी सबटायटलमधे तिथे नुसतं नावाने हाक मार असं येतं. मग पुढे गोट्यांच्या खेळात अली विश्वास ठेवतो तो दादावर, फसवतो तो दादाच, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला हे नुसतं एका ओळखीच्या माणसाने फसवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे साहेबाचा दादा झाला की काय बदलतं ते शेंबड्या पोराला पण कळतं. मराठी सबटायटल असतं तर हा सीन कसला अंगावर आला असता!

पक्या तरी डबिंगवरच अडलेला. मेघाताईने विचारलं, सगळेच एका भाषेत बोलायला लागले तर मारिकोने करायचं काय, ऐकलेलंच परत बोलायचं? पक्या म्हणाला असे सीन तेवढे ओरिजिनल ठेवायचे, बाकी डब करायचं. अण्णा जे इतका वेळ माझ्याशी भांडत होते तेच म्हणाले, "असे म्हणजे कसे? कोण कोणापासून काय लपवतंय हे तुला आधीच कळलं तर तू बघणार कशाला?"