पक्कं बसलं, पण चुकीचं

'प्रकल्प स्वतःच्या हाताने केला की संकल्पना डोक्यात पक्की बसते' हे शाळेतले प्रकल्प आणि सहली यांवरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. सातवीत आमच्या गटाने ज्वालामुखी केला होता. वर्तमानपत्राच्या लगद्याचा डोंगर, आत बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा आणि वरून लाल रंग घातलेलं व्हिनेगर. फेस भसाभसा उतरला, बाईंनी शाबासकी दिली आणि पुढची तीन-चार वर्षं मी खुशाल समजत होतो की डोंगराच्या पोटातही असंच काहीतरी आंबट मिसळत असणार! आमचा फेस आम्ल आणि सोड्याच्या अभिक्रियेतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा. खऱ्या ज्वालामुखीत पाण्याची वाफ आणि इतर वायू शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, आधीच विरघळलेले असतात; तो वर येतो, दाब कमी होतो आणि बुडबुडे सुटतात. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतं तसं.

हे मला कळलं ते सहलीत, एका संग्रहालयात. तिथल्या ताईंनी हातात प्यूमिसचा, म्हणजे ज्वालामुखीतून उसळलेला शिलारस थिजून बनलेला, दगड ठेवला. मुठीएवढा, पण वजनच नाही, नुसता भोकाभोकांचा. पाण्यात टाकला तर चक्क तरंगला. 'ही भोकं कसली असतील?' एवढंच त्यांनी विचारलं. ती त्या सुटलेल्या बुडबुड्यांचीच होती. त्यामुळे लेखातलं सहलींबद्दलचं सगळं मान्य, फक्त 'सहलीचा अहवाल सक्तीचा हवा' ही सूचना तेवढी नको. आमच्यातली निम्मी मुलं दगडाकडे न बघता पाटीवरची माहिती वहीत उतरवण्यात गुंग होती.